हवालदारांचा हत्ती

कुठलंही यंत्र दिसलं की हवालदार आधी त्याच्या तोंडावर तळहात धरत. पंखा असो, एअर कंडिशनर असो, केस वाळवायचं यंत्र असो; डोळे मिटायचे, मान किंचित तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. ‘दम हाय’ किंवा ‘दम न्हाई’. एकदा आमच्या मॅनेजरांनी नवी मोटार घेतली, तर हवालदारांनी तिच्या मागच्या धुराच्या नळीवरही हात धरला. हात चांगलाच भाजला, पण निकाल दिल्याशिवाय ते हटले नाहीत. “दम न्हाई,” म्हणाले. मॅनेजर पुढे बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

हवालदार हे त्यांचं नाव नव्हे. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कानावर पडायचं आणि ते ऐकून ते स्वतःच क्षणभर ‘हा कोण बुवा’ अशा नजरेनं मागे वळून बघायचे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पलटणीतून लवकर सुटून आलेले. मिशा पलटणीतल्या, चाल पलटणीतली, आणि आवाजही. फक्त छाती तेवढी आत गेलेली होती. त्याचं कारण मला पुढे कळलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे हिद्दजवळच्या गोदीत फिटर होते आणि मी लग्न होऊन नुकतीच सांगलीहून बहारीनला आले होते. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून मनामाच्या बाजारातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात टायपिस्ट म्हणून लागले. टायपिंग कमी आणि इतर उठाठेवीच जास्त. दुकान एका बहारीनी व्यापाऱ्याचं, त्यांना सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचे. मॅनेजर वसईचे. भर उन्हाळ्यातही कोट घालणारे, बोलण्यात इंग्रजी पेरणारे, मनानं तसे चांगले. आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या कोपऱ्यात उभे असायचे हवालदार.

आम्ही विकायचो ते मशीन कुठल्याशा थंड देशातून यायचं. कंपनीचं नाव मी सांगत नाही, उगाच कुणाशी भांडण नको. दुकानात त्याला सगळे हत्ती म्हणायचे. राखाडी रंग, गोल पाठ, लांब सोंड, आणि दोघांनी ढकलल्याशिवाय जागचा न हलणारा. समोरच्या दुकानात जे मशीन मिळायचं ते लाल, बुटकं, चाकांवर भिरभिरणारं. त्याचंही नाव नको, आम्ही त्याला लालच म्हणायचो. हत्तीचा आवाज म्हणजे जेवण झाल्यावर सुपारी कातरत बसलेल्या माणसाचा. लालचा आवाज म्हणजे नळावरचं भांडण.

आणि खपायचं लाल.

हे हवालदारांना सहन होत नसे. त्यांनी स्वतःच्या पगारातून एक लाल विकत घेतलं होतं, निव्वळ तुलना करायला. ते काउंटरखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं, म्हणजे पकडून आणलेला कैदीच. गिऱ्हाईक आलं की त्याला बाहेर काढायचं. गालिच्याच्या दोन सारख्या पट्ट्या अंथरायच्या. हवालदारांकडे धुळीचे डबे होते. एकात शमाल वारा सुटला की खिडकीच्या फटीतून येते ती पिठासारखी धूळ, दुसऱ्यात हिद्दच्या किनाऱ्यावरची वाळू. ही वाळू आणायचं काम आमच्या ह्यांच्याकडे असायचं. गोदीतून दमून आलेला माणूस खिशातून वाळूची पुडी काढतो, हे दृश्य मी संसाराच्या पहिल्याच वर्षी पाहिलं.

धूळ पसरून, दोन्ही मशिनं फिरवून झाली की हवालदार पट्ट्या उचलून उलट्या झटकायचे. लालच्या पट्टीतून भसकन ढग उठायचा. हत्तीच्या पट्टीतून काही नाही. हवालदार गिऱ्हाइकाकडे बघायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं, ‘ज़ैन, ज़ैन’, म्हणजे छान छान, म्हणायचं, हवालदारांचा हात हातात घ्यायचं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानातून लाल घेऊन जायचं.

“लोकास्नी कान न्हाईत आन डोळं बी न्हाईत,” हवालदार म्हणायचे.

चहाच्या वेळी रोज यावर खल चालायचा. मॅनेजरांचं म्हणणं ठरलेलं. “हवालदार, लोक मशीन घेत नाहीत, ॲडव्हर्टाइजमेंट घेतात. त्या लाल मशीनची बाई टीव्हीवर काय गोड हसते. आपला हत्ती कधी हसलाय?”

“हसून गालिचा साफ हुतो व्हय?”

“सेल तर होतो ना!”

माझं मत होतं की सगळा रंगाचा खेळ आहे. लाल वस्तू घरात उठून दिसते, आणि घरात वस्तू कुठली यावी हे शेवटी बायकाच ठरवतात. आमच्या ह्यांचं मत असं की लालचा खोका बेताचा आहे, विमानात नेता येतो. आपला प्रत्येक माणूस वस्तू घेताना मनात गावचा ओटा बघत असतो. हवालदारांना यातलं काहीच पटत नसे. “आवाज! लई वरडतंय म्हंजे लई काम करतंय, आसं वाटतं मानसाला. पलटनीत बी आसलेच असायचे. बढती त्यास्नीच आधी.”

बरं, विकायची एवढी हौस, पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी केल्याशिवाय हा माणूस मशीन द्यायचा नाही. दार कुठल्या दिशेला? घरात मांजर आहे का? चुलीवर मासे भाजता का? एकदा चिपळूणकडचा एक ड्रायव्हर आला. सुट्टीवर निघाला होता, हत्ती गावाला न्यायचा म्हणाला. मी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

“गावाकडं जमीन कसली हाय?” हवालदारांनी विचारलं.

“शेणान सारवलेली.”

“मग ह्यो घिऊ नगा. तुमची जमीनच उचलून न्हेईल.”

ड्रायव्हर हसला, पण हवालदार हसत नव्हते. त्यांनी त्याला खरोखरच दारापर्यंत नेऊन सोडलं. तोही समोर जाऊन लाल घेऊन गेला. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण मला हसू आवरत नव्हतं.

त्यांच्या दमाच्या वेडाचं मूळ मला एका शुक्रवारी कळलं. त्यांनी आम्हा दोघांना पिठलं-भाकरी खायला बोलावलं होतं. बाजारामागच्या बोळात खोली, चौघांत मिळून. हवालदारांच्या खाटेवर भिंतीला एक मोठी खुंटी, आणि तिच्यावर टॉवेलात गुंडाळून काहीतरी टांगलेलं. जेवण झाल्यावर त्यांनी ते उतरवलं. ती मशकबीन होती. काखेत कातडी पिशवी, खांद्यावर टेकलेल्या नळ्या. पलटणीचा बँड संचलनाला निघाला की पुढे वाजते ती. हवालदार त्या बँडमध्ये होते. लोकांना बंदूक चालवणारा शिपाई माहीत असतो. हा शिपाई सगळं तरुणपण फुंकत राहिला होता.

मग छातीचं दुखणं झालं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, आणि पलटणीनं त्यांना घरी पाठवलं.

“आता ही भरत न्हाई ताई. चार फुंका मारल्या की खोकला यितो. डागदरांनी तर हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय.” असं म्हणत त्यांनी पिशवीच्या कातड्याला तेल लावायला घेतलं. दर शुक्रवारी लावायचे. वाजवायची नाही, पण कोरडी पडू द्यायची नाही. “सुट्टीला घरी जायचो तवा पोरगी ही नळी तोंडात धरायची. गाल ह्ये एवढे फुगायचे. आवाज काय निघायचा न्हाई. आता नर्सिंग शिकतीया मिरजेला.”

मुलीचं नाव काढलं की त्यांच्या मिशा हसायच्या. ती नर्स होईपर्यंत इथं टिकायचं, एवढाच त्यांचा हिशेब होता. “गावात मी फुटकी पिपाणी. हितं निदान हवालदार हाय,” असंही ते एकदा बोलून गेले, आणि लगेच उठून भांडी घासायला लागले.

मग बाजार पडला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेलाचे भाव उतरले तशी दुकानं ओस पडायला लागली. रोज कुणी ना कुणी ‘माझं कॅन्सल झालं’ म्हणून सांगायला यायचं. कॅन्सल म्हणजे व्हिसा कॅन्सल, म्हणजे सामान बांधा. एके दिवशी अरबाब दुकानात आले, गोदामात हत्तींचे खोके छतापर्यंत रचलेले बघितले, आणि त्यांच्या नेहमीच्या सौम्य हिंदीत म्हणाले, “हवालदार, रमज़ान से पहले ये माल निकल गया तो ठीक. नहीं तो एजेंसी खलास.”

एजन्सी खलास म्हणजे तो कोपरा खलास, आणि कोपरा गेला की त्या कोपऱ्यातला माणूस. हे अरबाब बोलले नाहीत, मॅनेजरांनी मला हळूच सांगितलं. सांगताना त्यांनी कोटाचं बटण तीनदा लावलं आणि काढलं. हवालदारांच्या मुलीचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. 

हवालदार मात्र दुसऱ्या दिवशी उलट ताजेतवाने होऊन आले. “ताई, शत्रूचा दारूगोळा बगाय पायजे,” म्हणाले. ज्यांनी लाल घेतलंय त्यांच्या घरी जायचं, कुठल्याही कंपनीचं मशीन फुकट साफ करून देतो म्हणायचं, आणि त्याची धुळीची पिशवी उघडून बघायची. पिशवी फाटलेली असणार, शमालची बारीक धूळ तिच्यातून गळत असणार. तो पुरावा दुकानात मांडायचा. अडचण एकच होती. पुरुषमाणसाला मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या आत पाऊल टाकता येत नाही, आणि मशीन असतं आत, बायकांकडे. म्हणून मी हवी होते.

शुक्रवारी दुकानाची पिकअप घेऊन आम्ही सनाबिसला गेलो. तेव्हा ते समुद्राला लागून असलेलं, खजुरीच्या बागांतलं गाव होतं. पहिल्याच घरी हवालदारांना मजलिसमध्ये बसवून कहवा दिला, आणि मला एका आजीनं हाताला धरून आत नेलं. मेंदीनं रंगलेली बोटं, कमरेला किल्ल्या. माझं अरबी तोडकंमोडकं, तिचं हिंदी त्याहून तोडकं, पण दोन बायकांना एवढं पुरतं.

अंगणात लाल मशीन सुरू होतं आणि नेहमीसारखं किंचाळत होतं. पण त्याची नळी पुढच्या तोंडाला नव्हती, मागच्या भोकाला लावलेली होती, जिथून वारा बाहेर पडतो. तिचं दुसरं टोक कोळशाच्या शेगडीकडे. बघता बघता निखारे लालबुंद झाले आणि आजीनं मासे ठेवले. मग तीच नळी उचलून तिनं उंबऱ्यात साचलेली वाळू फर्रकन बोळात उडवून दिली.

मी मशीन बंद करून पिशवी काढली. कारखान्यातून आली तशी कोरी करकरीत होती. धुळीचा कण नाही. मी खुणांनी सांगायचा प्रयत्न केला की आजी, धूळ इकडून आत ओढायची असते. आजी माझ्याकडे अशी बघायला लागली की हिला घरचे लोक एकटीला कसं सोडतात.

“लेश?” म्हणाली. कशाला? मग तिनं दाराकडे बोट दाखवलं, वाळू तिथून आली अशी खूण केली, आणि पुन्हा दाराकडे हात उडवला. “यल्ला, बर्रा!”

आली तशी बाहेर जाऊ दे, पोटात कशाला घेऊन बसायची? मी कोरी पिशवी होती तशी परत बसवली. 

पुढच्या घरी नातीचे ओले केस लालसमोर वाळत होते. त्याच्या पुढच्या घरी पोरांची पोहायची रबरी चाकं फुगवली जात होती. सगळ्या पिशव्या जवळजवळ कोऱ्या. मी बाहेर आले तेव्हा हवालदार पिकअपच्या पायरीवर बसले होते, पुराव्यासाठी मोकळा डबा मांडीवर घेऊन.

“फाटल्यात न्हवं?”

“हवालदार, पिशव्या वापरलेल्याच नाहीत. ते लोक लालनं धूळ ओढतच नाहीत. फुंकतात.”

“म्हंजे?”

मी सगळं सांगितलं. शेगडी, केस, चाकं.  हवालदारांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता हा माणूस रडतो. पण ते हसत होते. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसू. मी पाण्याची बाटली पुढे केली.

“ताई, आवं सगळी जवानी फुंकण्यात गेली माजी! आन मी ह्या धूळ वढायच्या मशिनींच्या निस्त्या आत जानाऱ्या वाऱ्यावर हात धरत बसलो! भायेर येनारा वारा येकदा बी बगितला न्हाई!” मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “त्या चिपळूणवाल्याची माफी मागाय पायजे. त्येला भात उफणायला पायजे आसंल.”

इतकी वर्षं चहावर चाललेला वाद असा सनाबिसच्या रस्त्यावर मिटला. जाहिरात नाही, रंग नाही, आवाज नाही. लाल फुंकत होतं म्हणून खपत होतं. कंपनीनं माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ तरी लिहिली होती की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी हत्तीची पाठ उघडली. मागे वारा सोडायला जाळी होती, पण तिला नळी बसत नव्हती. भोक मोठं, नळी बारीक. थंड देशातल्या त्या लोकांना कुणी मागून नळी लावेल असं स्वप्नातही आलं नसणार. हवालदारांनी बाजारातल्या तांबटाकडून एक पितळी कडं करून आणलं. तेही किंचित सैल होतं. तेव्हा त्यांनी खिशातून सुताचा गुंडा आणि मेणाचा तुकडा काढला, मेण चोळलेलं सूत कड्याभोवती एकेक वेढा घट्ट बसवत गुंडाळलं, आणि नळी पिळून आत सारली. मशकबिनीच्या नळ्यांचे सांधे असेच बांधतात, वारा सुटू नये म्हणून. जास्तीचा वारा सोडायला कड्याला एक भोक ठेवलं.

मग हत्ती सुरू केला आणि नळीच्या तोंडावर तळहात धरला. डोळे मिटले, मान तिरकी केली.

निकाल येईना. मी वाट बघत होते, मॅनेजर वाट बघत होते. हवालदार हात काढेनात. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, तळहाताकडे बघितलं, आणि निकाल न देताच मशीन बंद करून घरी गेले. मॅनेजर म्हणाले, “आता काय झालं?” मला थोडी कल्पना आली होती.

गुरुवारची संध्याकाळ म्हणजे बाजार माणसांनी भरलेला. हवालदारांनी मला हाताशी घेऊन हत्तीला ढकलत दुकानाबाहेर फुटपाथवर आणलं. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि काखेत टॉवेल काढलेली मशकबीन.

“हवालदार, प्लीज,” मॅनेजर मागे धावले. “हे शोरूम आहे, लग्नाचा मांडव नाही!”

“साहेब, तुमीच म्हनत हुता न्हवं, हत्ती हसत न्हाई? आज हसतुया का बगू.”

नळी त्यांनी मशकबिनीच्या फुंकायच्या नळीला जोडली आणि मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. आणि मग जे व्हायचं नव्हतं ते झालं. इतकी वर्षं तुलनेसाठी त्या हत्तीच्या पोटात गेलेली शमालची धूळ आत कुठेतरी चिकटून बसली होती, आणि फुटपाथवर ढकलत आणताना हादरून मागच्या जाळीशी सुटली होती. ती सगळी कड्याच्या भोकातून भसकन बाहेर आली आणि थेट मॅनेजरांच्या कोटावर. लोक हसायला लागले. हवालदारांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांच्या काखेत पिशवी फुगत होती.

आधी नळ्या नुसत्या घुरघुरल्या. मग त्यांनी कोपर दाबलं, आणि बोटं हलली.

मला संगीतातलं काही कळत नाही. पलटणीची सकाळच्या कवायतीची चाल होती, असं ते पुढे म्हणाले. मला एवढंच दिसलं, की आत गेलेल्या छातीचा एक माणूस ताठ उभा आहे, त्याच्या ओठांशी काहीच नाही, तो सावकाश श्वास घेतोय, आणि तरीही त्याच्या बोटांतून ते सूर अख्ख्या बाजारावरून चाललेत. आणि खाली हत्ती शांतपणे, एका लयीत घुमतोय. लाल असतं तर स्वतःच्या किंचाळण्यात सगळं बुडवलं असतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मॅनेजरांच्याही आलं. ते धूळ गेली म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा ओरडला, “जिर्बा! जिर्बा!” दुसऱ्यानं तेच म्हटलं, आणि टाळ्यांचा ठेका सुरू झाला. आम्हाला काही कळेना. मग अरबाब दिसले. मोटार रस्त्यातच सोडून, पांढरा पायघोळ थोब सावरत ते गर्दीतून पुढे येत होते. आता हवालदारांची चांगलीच खरडपट्टी निघणार असं मला वाटलं. चाल संपेपर्यंत ते उभे राहिले.

“हवालदार, ये जिर्बा है,” अरबाब म्हणाले.

“नहीं अरबाब, मशकबीन है. हमारे पलटण का.”

“जिर्बा है!” अरबाबांचा आवाज चढला, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. “मेरी माँ की शादी में बजा था, मुहर्रक में. बकरी के चमड़े का. अब बजानेवाले कम हो गए.”

बहारीनच्या लग्नांतही काखेत पिशवी धरून वाजवायचं हेच वाद्य होतं. इतकी वर्षं एकाच दुकानात काढून या दोघांना एकमेकांबद्दल एवढीही गोष्ट माहीत नव्हती. अरबाबांनी वाकून मशकबिनीला लावलेली हत्तीची नळी सोडवली आणि वाऱ्यासमोर आपला तळहात धरला. थेट हवालदारांसारखा, डोळे मिटून.

“क़ुव्वत है,” ते म्हणाले.

“दम हाय,” हवालदार म्हणाले.

आता सगळे हत्ती त्याच संध्याकाळी खपले असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. हळूहळू खपले. गाद्या बनवणारे आले, गॅरेजवाले आले, सनाबिसची ती आजी मुलाला घेऊन आली. शेगडीवरचा मासा हत्तीनं जास्त चांगला भाजतो की लालनं, यावर तिनं हवालदारांशी बराच वाद घातला. मॅनेजरांनी पितळी कडी घाऊक करून घेतली आणि पुढे जन्मभर ही कल्पना आपल्या मार्केटिंगची म्हणून सांगितली. रमजानच्या आत गोदामाची एक भिंत मोकळी झाली आणि अरबाबांनी एजन्सी ठेवली. लाल शेवटपर्यंत हत्तीपेक्षा जास्तच खपलं. पण त्याचं हवालदारांना आता काही वाटत नसे. मशीन विकताना ते तळहात दोन्हीकडे धरायचे, आधी पुढे, मग मागे.

मुलगी नर्स झाली. त्यानंतर त्यांनी स्वतःहून व्हिसा कॅन्सल करून घेतला आणि हत्तीला घेऊन गावी गेले. विमानतळावर त्यांना दुसरं सामान जवळजवळ नेताच आलं नाही.

मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं सुट्टी जुळवून गेलो. मांडवाच्या एका कोपऱ्यात हत्ती होता, सोंडेला आंब्याची डहाळी बांधलेली. अक्षतांना थोडा वेळ होता. हवालदार फेटा बांधून उभे राहिले, मशकबीन काखेत घेतली, कुणीतरी बटण दाबलं. सगळा गाव ऐकत होता. ज्या गावात आपण फुटकी पिपाणी, असं ते म्हणाले होते, तो गाव.

चाल ऐन रंगात आली आणि वीज गेली.

हत्तीचा आवाज घरंगळत खाली आला आणि थांबला. पिशवीत उरलेल्या वाऱ्यावर हवालदार वाजवत राहिले, कोपर दाबत, सूर पातळ होत चाललेले. लोक चुळबुळायला लागले. मी आमच्या ह्यांचा हात घट्ट धरला.

मुंडावळ्या बांधलेली नवरी पाटावरून उठली. कुणी काही म्हणायच्या आत ती बापाशेजारी जाऊन उभी राहिली, हत्तीची नळी उपसून टाकली, मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि फुंकायची नळी तोंडात धरली. गाल फुगले. या वेळी पिशवी भरली. बोटं त्यांची, वारा तिचा, आणि चाल पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली, ती पुरी वाजून संपली.

ती धापा टाकत हसत होती. हवालदारांनी मशकबीन खाली ठेवली, तिच्या तोंडासमोर तळहात धरला, डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली.

“दम हाय गं पोरी,” ते म्हणाले, आणि तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला.